डीफिब्रिलेटरच्या बॅटऱ्या : एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरून झाल्यावर

डीफिब्रिलेटर म्हणजे हृदयाची बिघडलेली लय शॉक देऊन ताळ्यावर आणणारं मशीन. त्याच्या बॅटरीचा निकाल आधीच सांगून टाकतो. मूळ कंपनीचा पॅक मिळत असेल तर तोच घ्या. लेड-ॲसिडच्या जुन्या मशीनचा पॅक कंपनीने बंद केला असेल, तरच त्याच मापाची चांगल्या मेकची बॅटरी घ्या, आणि तीही लोडवर (मशीन प्रत्यक्ष चार्ज करून) तपासून, रजिस्टरमध्ये नोंद करून. निकेल मेटल हायड्राइडचा रिपॅक (जुन्या पॅकमध्ये बाहेरून नवे सेल बसवून घेणं) टाळा. लिथियम-आयनच्या स्मार्ट (आत चिप असलेल्या) पॅकचा रिपॅक तर करूच नका. एईडीला (कोणालाही वापरता येईल अशा ऑटोमॅटिक डीफिब्रिलेटरला) मॅन्युअलमध्ये लिहिलेलीच बॅटरी घाला. पुण्यातल्या एका मध्यम हॉस्पिटलच्या आयसीयू, ओटी, कॅज्युअल्टी आणि रिसेप्शनवर हे सगळे प्रकार महिनोन् महिने चालवून, दर महिन्याला मोजून हे लिहितो आहोत.

बॅटरी घेताना बहुतेकजण अँपिअर-अवर बघतात. खरं दुखणं तिथे नसतं. २०० जूलचा शॉक द्यायला, वाया जाणारी ऊर्जा धरून, बॅटरीतून साधारण ३०० जूल खेचले जातात. १२ व्होल्टच्या बॅटरीतून हे म्हणजे जेमतेम ७ मिलिअँपिअर-अवर. २.९ अँपिअर-अवरच्या बॅटरीला हा हिशेब किरकोळ आहे. पण हे ३०० जूल ५-६ सेकंदांत द्यायचे असतात, म्हणजे ५०-६० वॅट, म्हणजे चार-पाच अँपिअर एकदम. बॅटरीचा अंतर्गत रोध ०.१ ओहम असेल तर व्होल्टेज अर्ध्या व्होल्टने उतरतं, कोणाला कळतही नाही. बॅटरी म्हातारी होऊन तोच रोध अर्ध्या ओहमच्या पुढे गेला की व्होल्टेज दोन-अडीच व्होल्टने कोसळतं आणि मशीन ‘लो बॅटरी’ दाखवून गप्प बसतं. तीच बॅटरी काढून मल्टिमीटर लावला तर १२.६ दिसतात! मल्टिमीटरने बॅटरी नापास करता येते, पास करता येत नाही.

मशीन कायम प्लगलाच असतं, मग बॅटरीचं एवढं काय, असं विचारलं जातं. काही मॉडेलांच्या मॅन्युअलमध्येच उत्तर आहे: चार्ज झालेल्या नव्या बॅटरीवर २०० जूलचा शॉक ५ सेकंदांत तयार, बॅटरी नसताना नुसत्या मेनवर १५ सेकंदांपर्यंत. भिंतीतली वायर लावलेली असली तरी तो झटका बॅटरीच देत असते.

म्हणून आमची खरी कसोटी म्हणजे स्टॉपवॉच. सिस्टर रोज सकाळी ३० जूलची टेस्ट करतात. ती हवीच, केबल आणि पॅडलचे (छातीवर दाबून धरायच्या मुठींचे) दोष त्यात सापडतात. पण अर्धमेली बॅटरीसुद्धा ३० जूल आरामात देते, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नका. महिन्यातून एकदा, वॉर्डात दुसरं मशीन आणून ठेवल्यावरच, असं करा: मेनचा प्लग काढा, मशीन दहा मिनिटं मॉनिटरवर चालू ठेवा, मग शॉकसाठी मशीन २०० जूलवर चार्ज करून ‘रेडी’चा आवाज येईपर्यंतचा वेळ मोजा. डिसआर्म करा (शॉक न देता चार्ज रद्द करा), लगेच पुन्हा चार्ज करा, असं सलग सहा वेळा. पहिला, तिसरा आणि सहावा वेळ लिहून ठेवा. डिस्चार्ज करायचाच असेल तर ५० ओहमच्या ॲनालायझरवर (शॉक मोजणाऱ्या उपकरणावर), किंवा पॅडल होल्डरमध्ये घट्ट बसवून मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तेवढ्याच ऊर्जेचा. पॅडल एकमेकांना टेकवून किंवा हवेत धरून कधीच नको.

चांगल्या बॅटरीत पहिल्या आणि सहाव्या वेळेत फारसा फरक पडत नाही. थकलेली बॅटरी पहिल्या चार्जला छान वागते, तिसऱ्याला रेंगाळते आणि पाचव्या-सहाव्याला मशीनच बंद पडतं. सहावी वेळ पहिलीच्या दीडपट झाली की आम्ही बॅटरी बदलतो, तारखेची वाट बघत नाही.

या कसोटीवर मूळ लेड-ॲसिड पॅक पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ रेषेत राहिला. त्याच मापाची बाजारातली बॅटरी सुरुवातीला त्याच्या बरोबरीने चालली, मे महिन्यानंतर थोडी मागे पडली, पण वापरण्याजोगी आहे. निकेलचा रिपॅक मात्र पावसाळा संपायच्या आत काढावा लागला. उघडून पाहिला तेव्हा कारण समोरच होतं: दहा सेल जोडणाऱ्या निकेलच्या पट्ट्या अरुंद, एका सांध्यावर स्पॉट वेल्डिंगचा एकच ठिपका, आणि थर्मिस्टर (तापमान ओळखणारा भाग) सेलला चिकटवायच्या ऐवजी मधल्या फटीत नुसता लोंबत सोडलेला. हा बारकावा नीट समजून घ्या. निकेल मेटल हायड्राइडचा सेल पूर्ण भरला की तापायला लागतो, आणि चार्जर बऱ्याचदा त्या तापण्यावरूनच ‘पुरे’ म्हणतो. थर्मिस्टर सेलला टेकलेला नसेल तर चार्जरला पत्ताच लागत नाही, सेल रोज थोडा थोडा शिजत राहतो. लिथियम-आयन स्मार्ट पॅकची अडचण वेगळी आहे. आतल्या चिपमध्ये जुन्या सेलांचा हिशेब असतो. सेल बदलले तरी चिप जुनाच आकडा दाखवू शकते, किंवा भरलेला नसताना भरलेला दाखवते. ज्या आकड्यावर डॉक्टर विश्वास ठेवणार तोच खोटा, हे चालणार नाही.

उन्हाळ्याबद्दल. लेड-ॲसिडला २५ अंश मानवतात. त्यावर दर १० अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं. एप्रिल-मेमध्ये पुण्यात बाहेर ४० होतात. एसी नसलेल्या कॅज्युअल्टीत क्रॅश कार्ट (तातडीच्या उपचारांची ट्रॉली) ऑटोक्लेव्हच्या (वाफेवर उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) भिंतीला किंवा पश्चिमेच्या खिडकीखाली असेल तर बॅटरी त्याहून गरम राहते. कार्ट सरकवायला काही खर्च येत नाही, ते आधी करा. सोसायटीत एईडी असेल तर पत्र्याच्या गेट केबिनमध्ये ठेवू नका, लॉबीत ठेवा. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत तर अजिबात नको.

खरेदीच्या वेळी बॅटरीवरचा उत्पादनाचा महिना बघा. लेड-ॲसिड सहा महिन्यांहून जास्त दुकानात पडून असेल आणि मध्ये चार्ज केलेली नसेल तर घेऊ नका, आत सल्फेट धरलेलं असतं. काउंटरवरच मीटर लावा, १२.४ च्या खाली असेल तर परत द्या. पुण्याच्या तापकीर गल्लीत १२ व्होल्टच्या बॅटऱ्या हव्या तेवढ्या मिळतात, पण बऱ्याचशा यूपीएस किंवा अलार्मसाठीच्या असतात. माप जुळलं म्हणून एकदम पाच अँपिअर मिळतीलच असं नाही, डेटाशीट मागा.

एईडीचं गणित पूर्ण निराळं. यातल्या बहुतेक बॅटऱ्या एकदाच वापरायच्या लिथियम मँगनीज डायऑक्साइडच्या, त्या चार्ज करायच्या नसतात. फिलिप्सच्या ऑनसाइट आणि एफआरएक्सला एम५०७०ए लागते: ९ व्होल्ट, ४.२ अँपिअर-अवर, बसवल्यावर स्टँडबायमध्ये साधारण चार वर्षं. वर छापलेली तारीख ‘या आधी बसवा’ अशी असते. तिला एक्स्पायरी समजून चांगली बॅटरी फेकून देऊ नका. झोल कंपनीच्या एईडी प्लसला १२३ए जातीचे दहा सेल लागतात. दहाही एकदम बदलायचे, मॅन्युअलमधल्या मेकचेच, जुने-नवे मिसळायचे नाहीत. नवे बसवल्यावर खणातलं रीसेटचं बटण दाबायचं. जुने सेल काढून परत घातले असतील तर ते बटण चुकूनही दाबू नका, कारण मशीन तिथून नव्या सेलांचा हिशेब सुरू करतं आणि हिरवी खूण बघून सगळे निर्धास्त राहतात. चिवचिव आवाज आला तर छातीवर चिकटवायच्या पॅडची तारीखही बघा, दोष दरवेळी बॅटरीचाच नसतो.

हॉस्पिटलातल्या मॅन्युअल (डॉक्टर स्वतः चालवतात त्या) मशीनची बॅटरी बदलताना मशीन बंद करून प्लग काढा, जुन्या बॅटरीच्या लाल-काळ्या वायरींचा फोटो घ्या, टर्मिनल सैल बसत असेल तर पक्कडीने हलकं आवळा. सैल टर्मिनलही थकलेल्या बॅटरीसारखंच वागतं. बसवल्याची तारीख मार्करने बॅटरीवर आणि मशीनच्या मागे लिहा. लेड-ॲसिडला पहिलं चार्जिंग रात्रभर द्या, मग सहा चार्जची कसोटी घ्या, आणि त्यानंतरच मशीन वॉर्डात द्या.

जुनी लेड-ॲसिड दुकानदाराला परत द्या. लिथियमच्या टर्मिनलवर चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या. ‘स्वच्छ’च्या (पुण्यातल्या कचरावेचकांच्या संस्थेच्या) ताईंच्या सुक्या कचऱ्यात टाकू नका, गाडीत दाबली गेली तर पेट घेते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेली बॅटरी गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा ऑर्डर देतानाच जुनी परत घ्यायला सांगा. आणि ऑर्डर लवकर द्या: लिथियम मेटलच्या सुट्या बॅटऱ्या प्रवासी विमानातून मालाबरोबर आणता येत नाहीत, त्यामुळे आयात होणारा पॅक यायला वेळ लागतो. आम्ही आता बॅटरी बदलायच्या तारखेच्या तीन महिने आधी मागणी नोंदवतो.