नऊ महिने वही, वेगळं खातं आणि पोस्टाची आरडी: माझा अनुभव

गेल्या जूनमध्ये मुलीच्या नववीच्या फीसाठी कानातले गहाण ठेवले. दुकानातून बाहेर पडले आणि सांगलीच्या हरभट रोडवरच ठरवलं, पुढच्या जूनला इथं यायचं नाही. त्याला आता नऊ महिने झाले. काय टिकलं, काय बारगळलं ते लिहिते.

आधी घरचं सांगते. ह्यांची कुपवाड एमआयडीसीत नोकरी, हातात २१,००० येतात, ओव्हरटाइम लागला तर वर. मी घरी पिको-फॉल आणि ब्लाऊज शिवते, त्याचे चार-पाच हजार. सासूबाई आमच्याजवळच असतात.

पहिल्यांदा फोनवर खर्चाचं ॲप घेतलं. सोळा दिवसांत कंटाळले. कोथिंबिरीचे दहा रुपये कोण टाकत बसणार! मग मुलीची अर्धी कोरी वही घेतली आणि चारच खाने पाडले: किराणा-दूध, बिलं, औषधं, आणि 'सहज'. त्या 'सहज'नंच डोळे उघडले. वडापाव, ऊसाचा रस, रिचार्ज, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, सगळं स्कॅन करून दिलेलं. पाकिटातून नोट जाताना जीव थोडा तरी तुटतो, स्कॅन करताना काहीच होत नाही.

पण खरा शोध लागला तो वेगळाच. मी समजत होते की आमच्यावर संकटं येतात म्हणून पैसे पुरत नाहीत. वर्षाची यादी काढली तर निम्मी 'संकटं' दरवर्षी ठरल्या वेळी येणारी निघाली. शाळा १४,०००, दिवाळी ९,०००, घरपट्टी, गाडीचा विमा, लग्नाचे आहेर, सासूबाईंचा चष्मा, गावची जत्रा. बेरीज ३८,४००, म्हणजे महिन्याला ३,२००. दिवाळी काय अचानक येते का? तरी दर दिवाळीला आमची धावपळ ठरलेली.

हे ३,२०० पगाराच्या दुसऱ्या दिवशी वेगळ्या बचत खात्यात जातात. त्या खात्याला फोनवरचं काही जोडलेलं नाही आणि कार्ड सासूबाईंच्या पानाच्या डब्यात असतं. काढायचं तर त्यांना कारण सांगावं लागतं. यापेक्षा कडक लॉकर सांगलीत नसेल. तरी दिवाळीत एका साडीसाठी ८०० घेतलेच. त्यांनी कार्ड दिलं, पण वहीत 'उसने' म्हणून माझ्या नावावर लिहायला लावलं.

डिसेंबर-जानेवारीत ओव्हरटाइम बंद झाला. महिन्याला साडेचार हजारांची खोट. त्या दोन महिन्यांत ३,२०० ऐवजी १,५०० च टाकले, पण कुणाकडे हात पसरला नाही. आधी असं झालं की पहिला फोन दिराला जायचा.

आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरलेला हप्ता भरायची ठेव, मात्र अजिबात थांबवली नाही. पोस्टात महिना १,०००. मुदत पाच वर्षं, मी उघडली तेव्हा व्याज ६.७ टक्के. बारा हप्ते झाले की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, म्हणून अगदीच अडकून पडत नाही. हप्ता चुकला तर शंभराला महिन्याला एक रुपया दंड. तक्रार एकच, पासबुक भरून घ्यायला अर्धा दिवस जातो. रांगेत बाकी गप्पा छान होतात.

पतसंस्थेची पिग्मी का नाही, असं जाऊबाईंनी विचारलं. रोज दारात येऊन पैसे नेतात, सोय आहेच. पण आमच्या सासऱ्यांचे ३८,००० एका पतसंस्थेत अडकले ते अडकलेच. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेला तो लागू नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. भिशी अजून चालू आहे, ५०० ची. ती मी बचतीत धरत नाही. ती बायकांच्या चहा-पोह्यांसाठी.

आता पुराच्या पाण्याचं. आमचं घर नदीजवळच्या गावभागात. २०१९ च्या ऑगस्टला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं (धोक्याची पातळी ४५). आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी विश्रामबागला नणंदेकडे गेलो. वीज नाही, फोनला रेंज नाही, एटीएम बंद, दुकानदार रोखच मागणार. घरातली रोख कपाटाच्या खालच्या खणात. पाणी उतरल्यावर नोटा चिखलासकट एकमेकींना चिकटलेल्या मिळाल्या. वर्तमानपत्रात घालून एकेक इस्त्रीनं वाळवली. वास कित्येक दिवस गेला नाही.

म्हणून आता माळ्यावर चेन लावलेली जाड प्लॅस्टिकची पिशवी आहे. आत ६,०००, सगळे शंभराच्या आणि पन्नासाच्या नोटांत, कारण पुरात पाचशेला सुट्टे कुणी देत नाही. सोबत रेशनकार्ड, पासबुकं, सासूबाईंच्या गोळ्यांची चिठ्ठी. या पैशाला व्याज नाही, म्हणून हे कुरकुरतात. कुरकुरू देत. याला हात लावायचा तो फक्त पुलाजवळचं पाणी ४० फुटांवर गेलं की.

ज्यांना आधीच कर्जाचे दोन-तीन हप्ते आहेत, त्यांनी माझं बघून लगेच आरडी उघडू नये. आधी गहाण सोन्यावरचं व्याज थांबवा. मीही कानातले ऑक्टोबरात शिलाईच्या पैशातून सोडवले, आरडी त्यानंतरच उघडली.

वेगळ्या खात्यात आज ६,१०० आहेत. मधे जत्रा आहे आणि शाळेला अजून तीन पगार. वहीत माझ्या नावावरचे ८०० तसेच आहेत, आणि सासूबाई दर एक तारखेला ती ओळ मोठ्यानं वाचतात.