होली स्नायपर ईएफआय: थ्रॉटल बॉडी बसवण्याआधी टाकीत डोकावा

चार बॅरलचा कार्ब्युरेटर उतरवायचा, त्याच जागी थ्रॉटल बॉडी बसवायची, की झालं फ्युएल इंजेक्शन! होलीच्या स्नायपर या इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन (ईएफआय) किटबद्दलचा हा समज निम्मा खरा आहे. ईसीयू (किटचा संगणक), मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) आणि पेट्रोलचा प्रेशर रेग्युलेटर सगळं थ्रॉटल बॉडीतच आहे. ताशी 100 पौंडांचे चार इंजेक्टर टर्बो नसलेल्या 650 हॉर्सपॉवरच्या इंजिनापर्यंत पुरतात. वरचं काम एका दुपारचं. खरी मेहनत गाडीखाली आहे.

कार्ब्युरेटरचं भागायचं 5-6 पीएसआयवर, इथं लागतात 58.5. म्हणजे इंजिनावरचा यांत्रिक पंप काढून तिथं पत्र्याची प्लेट, आणि जुनी रबरी नळी सरसकट बाद. ईएफआयसाठीची नळी आणि तिचेच गोल कडांचे क्लॅम्प घ्या. साधा स्क्रूचा क्लॅम्प नळीत रुततो आणि काही महिन्यांनी तिथूनच पाझर सुरू होतो. मास्टर किटमधला विजेवरचा पंप टाकीबाहेर बसणारा आहे. असा पंप ढकलतो जोरात, ओढतो मात्र कसाबसा. त्यामुळे तो टाकीला चिकटून आणि तळाच्या पातळीखाली हवा. पंपाआधी 100 मायक्रॉनचा फिल्टर, पंपानंतर 10 चा. ही अदलाबदल झाली की पंप किंचाळायला लागतो.

परतीची नळी टाकीतच सोडा. टी-जॉइंट लावून ती पंपाच्या तोंडाशी जोडली, तर तापलेलं पेट्रोल तिथल्या तिथं फिरतं, वाफ धरते आणि गाडी गरम झाली की बंद पडते. बऱ्याच जुन्या टाक्यांत पेट्रोल हिंदकळू न देणाऱ्या आडव्या पट्ट्या नसतात. पाव टाकीवर लांब वळण घेतलं की पेट्रोल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा, टाकीच्या आत बसणारा पंप घ्या.

वायरिंगमध्ये मुख्य लाल-काळ्या वायरी थेट बॅटरीच्या टर्मिनलवर. इग्निशनची वायर कुठून घेणार, ते आधी मल्टिमीटरनं तपासा. बऱ्याच जुन्या गाड्यांत काही टर्मिनल चावी 'ऑन'ला असताना जिवंत असतात आणि स्टार्टर फिरताना मरतात. मग गाडी स्टार्टर सोडल्यावरच पकडते. कॉइलचा रेझिस्टर मध्ये असेल तर बारा व्होल्ट मिळतच नाहीत. सीडीआय बॉक्स (कपॅसिटरमधून जोरदार स्पार्क देणारा इग्निशन बॉक्स) असेल तर आरपीएमची वायर बॉक्सच्या टॅकोमीटर आउटपुटलाच द्या. कॉइलच्या निगेटिव्हला लावली तर तिथले शेकडो व्होल्ट ईसीयूत शिरतात. स्लोवर इंजिन शांत चालतंय आणि पडद्यावर आरपीएम उड्या मारतोय, तर तो स्पार्कचा उपद्रव. तांब्याच्या साध्या प्लग वायरी काढा, रेझिस्टरवाले प्लग घाला आणि किटच्या वायरी कॉइलपासून लांब न्या.

आता 'आपोआप ट्यूनिंग', म्हणजे पेट्रोलचं प्रमाण ईसीयूनं चालता चालता स्वतःच शिकणं. ईसीयूचे डोळे म्हणजे एकच वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर. तो आडव्या रेषेच्या किमान 10 अंश वर बसवा, नाहीतर पाइपातलं पाणी त्याला मारतं. त्याच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट गळत असेल तर बाहेरची हवा आत येते, सेन्सर 'लीन' (पेट्रोल कमी, हवा जास्त) सांगतो, ईसीयू पेट्रोल वाढवत जातो आणि प्लग काळे पडतात. मिसिंग असलं तरी तेच, कारण न जळलेला ऑक्सिजनही सेन्सरला लीनच वाटतो. शिकण्याची खरी सुरुवात इंजिन साधारण 70 अंश सेल्सिअसला पोचल्यावर होते, तेव्हा थंड गाडीवर निष्कर्ष काढू नका. गरम इंजिनावर आयएसी (स्लोची हवा सांभाळणारा व्हॉल्व्ह) 2 ते 10 टक्क्यांत येईपर्यंत थ्रॉटलचा स्लो स्क्रू फिरवा आणि प्रत्येक फिरवणीनंतर चावी बंद-चालू करा. टीपीएसचं (थ्रॉटल किती उघडा ते सांगणाऱ्या सेन्सरचं) शून्य तेव्हाच नव्यानं ठरतं. हे टाळलं की रेस सोडताना गाडी बंद पडते, आणि दोष बिचाऱ्या किटला.

ताकद वाढेल म्हणून घेऊ नका. नीट जेट केलेला कार्ब्युरेटर पूर्ण रेसवर मागे राहत नाही. फायदा आहे तो थंडीतल्या पहिल्या सेल्फला, घाटात आणि तापलेल्या इंजिनाला. पेट्रोल इनटेक मॅनिफोल्डमधूनच जात असल्यानं सगळ्या सिलिंडरांना सारखा वाटा मात्र याच्याकडूनही मिळत नाही. तो हवा असेल तर मल्टिपॉइंट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर.

गिअरबॉक्स 700आर4 (जीएमचा ऑटोमॅटिक) असेल तर टीव्ही केबलचा (थ्रॉटलपासून गिअरबॉक्सच्या थ्रॉटल व्हॉल्व्हला जाणाऱ्या केबलचा) ब्रॅकेट किटबरोबरच मागवा. केबलचा कोन चुकला तर आतलं प्रेशर पडतं आणि क्लच जळतात.