एक सर्व्हर, पाच डोमेन: ए रेकॉर्ड, सीनेम की अलायस?

२०१४ साली सरकारदरबारी बेळगावचं बेळगावी झालं आणि इथल्या दुकानदारांना एक नवाच ताप झाला. जुन्या स्पेलिंगचं डोमेन (साईटचं नाव) सोडवत नाही, नवं दुसऱ्या कुणी उचललं तर काय ही धास्ती. मग दोन्ही घ्यायची. शहापुरातलं साड्यांचं दुकान असं दोन नावांनी, उद्यमबागेतली फाउंड्रीही दोन, शिवाय निपाणीतले एक पाहुणे. माझ्याकडे ही पाच डोमेन एकाच आयपीवर (सर्व्हरचा आकडी पत्ता) आहेत.

एका आयपीवर पाच साईट चालतात का, असं अजून विचारतात. चालतात. ब्राउझर येतानाच डोमेनचं नाव सांगतो, त्यावरून कुठली साईट द्यायची ते सर्व्हर ठरवतो. डीएनएसनं, म्हणजे नावावरून आयपी शोधून देणाऱ्या यंत्रणेनं, फक्त पत्ता सांगायचा.

रेकॉर्ड म्हणजे डीएनएसमधली नोंद. ए रेकॉर्डमध्ये थेट आयपी लिहायचा. सरळ मामला, आणि मूळ डोमेनवर (पुढं काही न लावलेलं नाव, डीएनएसच्या पॅनेलमधलं '@') तो चालतो. खोट एकच: सर्व्हर बदलला की पाच ठिकाणी हात लावा. गेल्या खेपेला मी चारच ठिकाणी लावला. सकाळी फाउंड्रीच्या मालकांचा फोन, "साईट दिसंना की ओ!" त्यात टीटीएल (मिळालेला पत्ता किती सेकंद धरून ठेवायचा तो आकडा) ८६४००, म्हणजे पूर्ण दिवस. रेकॉर्ड दुरुस्त केला तरी काही गिऱ्हाइकांना संध्याकाळपर्यंत जुनाच पत्ता मिळत होता. आता हलवायच्या दोन दिवस आधी टीटीएल ३०० करून ठेवतो.

सीनेममध्ये एक नाव दुसऱ्या नावाला बांधायचं. आयपी एकाच जागी बदलला की बांधलेली सगळी नावं मागोमाग येतात. पण मूळ डोमेनवर हे जमत नाही. तिथं एनएस आणि एसओए हे डोमेनचे स्वतःचे सक्तीचे रेकॉर्ड असतातच, आणि सीनेमला शेजारी दुसरा कुठलाही रेकॉर्ड खपत नाही. एखादं पॅनेल टाकू देतं, मग एमएक्स (मेल कुठं पोचवायचा ते सांगणारा रेकॉर्ड) झाकला जाऊन मेल बोंबलतो. म्हणून सीनेम 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'सारख्या पुढं लावलेल्या नावांनाच.

अलायस ही मधली वाट. क्लाउडफ्लेअर तिला सीनेम फ्लॅटनिंग म्हणतं. डीएनएस कंपनीच नावामागचा आयपी शोधून देते, त्यामुळे मूळ डोमेनवरही चालतं. पण सगळ्याच कंपन्या ही सोय देत नाहीत; कंपनी बदलायची तर आधी विचारून घ्या.

माझं म्हणाल तर, पाच-सहा डोमेन आणि सर्व्हर वर्षानुवर्षं तोच असेल, तर मूळ नावाला ए आणि 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'ला त्याच डोमेनकडे जाणारा सीनेम. अलायसच्या नादी लागू नका. वीस-पंचवीस डोमेन असतील किंवा सर्व्हर सारखा हलत असेल, तर मात्र अलायसच.

दोन स्पेलिंगवाल्यांची आणखी एक गल्लत होते. जुनं नाव नव्याकडे वळवणं डीएनएसचं काम नव्हे, ते सर्व्हरवर ३०१ ('पत्ता कायमचा बदलला' हा ब्राउझरला निरोप) लावून करायचं. सर्टिफिकेटातही (साईट त्याच नावाची आहे याचा ब्राउझरला दाखवायचा दाखला) दोन्ही नावं हवीत, नाहीतर वळायच्या आधीच ब्राउझर इशारा देऊन अडवतो. शहापूरच्या दुकानाच्या पिशव्यांवर अजून जुनंच स्पेलिंग छापून येतंय, त्यामुळे त्या डोमेनचे पैसे दरवर्षी मीच आठवण करून भरायला लावतो.