थेट खरेदी की सक्तीचं भूसंपादन: शेतातून रस्ता जातोय, सही कशावर करायची?

"माझी जमीन आहे, नाही देणार" हे बोलायला बरं वाटतं, पण १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीनंतर मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिलेला नाही. उरलंय ते कलम ३००अ, म्हणजे कायद्याशिवाय कुणी जमीन काढून घेऊ शकत नाही, कायद्याने घेऊ शकतं. सार्वजनिक कामाचा शिक्का बसला की जमीन बहुतेक वेळा जातेच, मग आपल्या हातात राहतं ते कशी द्यायची आणि काय भावाने.

थेट खरेदी, म्हणजे सरकारने तुमच्या संमतीने जमीन विकत घेणं, महाराष्ट्रात २०१५ पासून जोरात आहे. संमतीपत्र द्या, रजिस्ट्रीला या, पैसे खात्यात, आणि वर २५ टक्के जास्त. समृद्धी महामार्गाच्या वेळी सगळ्यांच्या तोंडी असलेलं "पाच पट" ते हेच. समजा मूळ भाव १० लाख धरला, ग्रामीण गुणक २ लागला तर २०, त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम म्हणजे ४०, आणि त्याचे २५ टक्के मिळून ५०. (गुणक सगळ्या प्रोजेक्टला सारखा नसतो, आधी विचारून घ्या.)

सक्तीच्या संपादनात, म्हणजे २०१३ च्या कायद्याने, तो २५ टक्क्यांचा गोडवा नाही, ४० वरच थांबतं, शिवाय मूळ बाजारभावावर वर्षाला १२ टक्के धरतात ते वेगळं. मग कोण जाईल तिकडे? तर ज्याचा मूळ भावच चुकीचा धरलाय तो. कायदा म्हणतो रेडी रेकनर (सरकारी दर) आणि मागच्या ३ वर्षांतल्या आसपासच्या खरेदीखतांपैकी वरच्या निम्म्यांची सरासरी, यातलं जे जास्त ते घ्या. आता ती सरासरी १४ लाख निघत असेल तर चौपट केली तरी ५६ होतात, मग १० वर धरलेले ५० घेऊन खूश कशाला व्हायचं? आणि थेट खरेदीत एकदा खुशीने खरेदीखत करून दिलं की भाव वाढवून मागायचा रस्ता जवळपास बंद. अवॉर्डमध्ये, म्हणजे सक्तीच्या संपादनातल्या भरपाईच्या निवाड्यात, पैसे अंडर प्रोटेस्ट (हरकत नोंदवून) उचलता येतात आणि कलम ६४ खाली दाद मागता येते, पण अवॉर्डच्या वेळी हजर असाल तर मुदत फक्त ६ आठवडे, आणि पुढे केस वर्षानुवर्षं चालते हेही धरून चला.

घरातलं बघा. सातबाऱ्यावर बहिणींची नावं आहेत, एक भाऊ बोलत नाही, वारसनोंद अर्धवट, असं असेल तर थेट खरेदी अडकतेच, कारण सगळ्यांच्या सह्या लागतात. सक्तीच्या संपादनात वाद असला तरी जमीन जाते, पैसे प्राधिकरणाकडे जमा होतात आणि तुम्ही भांडत बसता.

लँड पूलिंगचा, म्हणजे जमिनीच्या बदल्यात प्लॉट घ्यायचा, पर्यायही समृद्धीत होता, जिरायतीला २५ आणि बागायतीला ३० टक्के विकसित प्लॉट, पण बहुतेकांनी रोखच घेतली आणि मला त्यात काही चूक वाटत नाही.

माझं विचाराल तर मूळ भाव बरोबर असेल आणि घर एक असेल तर थेट खरेदी, नाहीतर अवॉर्ड. तालुक्याला जाऊन आसपासच्या ५-१० खरेदीखतांच्या नकला काढा, मगच सही. आणि कुठलाही रस्ता धरला तरी संयुक्त मोजणीच्या दिवशी बांधावर उभे रहा. आमच्या चुलत्यांकडे त्या दिवशी कुणी नव्हतं, विहीर आणि आंबे लिहिले गेले पण जमिनीखालची पाईपलाईन राहिली, नंतर ती दाखवायला स्वतःच्या खर्चाने चर खणायला लागला.