बायबलमधली वचनं पाठ करायला टॉपिकल मेमरी सिस्टीम : घ्याच!

नॅव्हिगेटर्स या ख्रिस्ती संस्थेचा हा कार्डांचा पॅक. डॉसन ट्रॉटमननी 1933 मध्ये अमेरिकन नौदलातल्या खलाशांमध्ये ही सेवा सुरू केली आणि वचन पाठ करण्यावर त्यांचा पहिल्यापासूनच जोर. एकूण 60 वचनं, 5 विषय, आठवड्याला फक्त 2 करायची म्हणजे नोकरी, घर सांभाळूनही आरामात जमतं. विषय, संदर्भ, मग वचन आणि शेवटी परत संदर्भ असं मोठ्याने म्हणायचं, त्यामुळे अध्याय-ओवी पण डोक्यात पक्की बसते.

मला सगळ्यात जास्त आवडला तो देवाच्या सामर्थ्यावर विसंबून राहण्याचा भाग, यशया 41:10, फिलिप्पै 4:13, विलापगीत 3:22, 1 पेत्र 5:7... आई आयसीयूत होती तेव्हा मोबाईल आत नेऊ देत नव्हते, बायबलही हातात नव्हतं, पण पेत्राचं ते, आपली सगळी चिंता देवावर टाका असं सांगणारं वचन मनात होतं ना, तेच रात्रभर म्हणत बसले आणि खरंच धीर आला, प्रभूची स्तुती असो!

माझा पॅक इंग्लिश आहे, म्हणून मागच्या बाजूला आपल्या मराठी पवित्र शास्त्रातली वचनं हाताने लिहून घेतली. तुम्हीपण तसंच करा, लिहिता लिहिताच अर्धं पाठ होतं. युवक संघासाठी तर एकदम बेस्ट, जोडीने एकमेकांचं ऐकायचं.