आकार शिकवणारं रंगवायचं पुस्तक: पाळणाघरातले सात महिने

सिंहगड रस्त्यावर माझं छोटं पाळणाघर आहे. सहा मुलं, धाकटी साडेतीन वर्षांची, सगळ्यात मोठा पाच पूर्ण. जूनमध्ये अप्पा बळवंत चौकातून त्यांच्यासाठी आकारांचं रंगवायचं पुस्तक आणलं. सहा प्रती, प्रत्येकी ६० रुपये. दुकानात उभ्या उभ्या चाळलं तेव्हाच आवडलं होतं: एका पानावर एकच मोठा आकार, भोवती जाड राखाडी कड, समोरच्या पानावर त्या आकाराच्या वस्तू. आता जानेवारी संपत आला. त्याच दुकानात चाळलेली आणखी चार-पाच पुस्तकंही याच साच्यातली होती, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

ती जाड कड खरोखर कामाची. साडेतीन वर्षांच्या मुलीचा हात खांद्यापासून हलतो. बारीक रेघ तिला दिसते, पण खडू तिथे थांबत नाही. जाड कडेवर तो थांबू लागला, सप्टेंबरपर्यंत तर कोपऱ्यात नीट वळूही लागला. खडू मात्र मेणाचे, जाड आणि आखूड द्या. तुकडा लहान असला की मुलं तो मुठीऐवजी बोटांत धरतात. स्केचपेन नकोच. कागद पातळ आहे, आमच्या वर्तुळाचा लाल रंग मागच्या चौरसात उतरला.

पहिले दोन महिने मी खूश होते. पान उघडलं की सगळी मुलं एका सुरात नाव सांगायची. ऑगस्टमध्ये एकाच्या हातात पुस्तक उलटं आलं आणि तो म्हणाला, "काकू, हा त्रिकोण पडला." दुसरीने चौरसाचं पान तिरकं धरलं आणि सांगितलं, "पतंग." त्या रात्री मी पुस्तक पहिल्यापासून पुन्हा पाहिलं. सगळे त्रिकोण एका बाजूवर नीट बसलेले, तिन्ही बाजू सारख्या. निमुळता नाही, आडवा पसरलेला नाही, टोक खाली असलेला तर एकही नाही. मुलांनी त्रिकोण ओळखला नव्हता, ते चित्र ओळखलं होतं.

यात मुलांचा काहीच दोष नाही. पिएर आणि डिना व्हॅन हिले या डच शिक्षक दांपत्याने १९५७ मध्ये भूमितीच्या समजुतीच्या पायऱ्या मांडल्या. त्यातली पहिली पायरी हीच: आकार एकूण दिसण्यावरून ओळखायचा, बाजू आणि कोन नंतर. पण लहान मूल त्या पायरीवर असताना त्याला एकाच ठेवणीतला त्रिकोण सतत दाखवला, तर त्याच्या लेखी त्रिकोण म्हणजे तेवढाच.

मग मी रंगवण्याआधी एक काम घातलं. पान हवं तसं फिरवायचं, कडेवरून बोट फिरवायचं आणि कोपरा आला की मोठ्याने मोजायचं. 'कोन' हा शब्द आधी वापरून पाहिला, तर सगळ्यांना आइस्क्रीम आठवलं. 'कोपरा' घरातला शब्द, तो लगेच बसला. आता मोठा मुलगा स्वतःच सांगतो की त्रिकोणात तीन येतात म्हणून त्याचं नाव त्रिकोण. आपल्या भाषेने नावातच मोजणी करून ठेवली आहे, तिचा फायदा घ्यायलाच हवा.

पुस्तकातली मोठी चूक 'डायमंड'च्या पानावर आहे. तो आकार म्हणजे तिरका उभा केलेला चौरसच. माझ्या प्रतीतला चौरस कापून मी डायमंडवर ठेवला, चारही कोपरे तंतोतंत जुळले. मुलं किती वेळ तो कागद फिरवत होती! चौरस, डायमंड, परत चौरस. अख्ख्या पुस्तकाने जे शिकवलं नाही ते त्या एका कापलेल्या कागदाने शिकवलं.

दुसरी चूक नावाची. चौरसाखाली छापलंय 'चौकोन'. अहो, चार बाजूंची कुठलीही बंद आकृती चौकोन, आयतही चौकोनच. पुढे शाळेत हे विसरायला लावण्यापेक्षा आजच 'चौरस' म्हणूया. वर्तुळासमोर चेंडू काढलाय, तोही मला पटत नाही. चेंडू हातात धरायचा गोळा, वर्तुळ सपाट. आम्ही वाटीची कड आणि बांगडी कागदावर ठेवून गिरवली.

त्रिकोणासमोर पिझ्झाचा तुकडा आहे. त्याऐवजी मी डब्यातली घडीची पोळी दाखवली, तेव्हा मोठ्या मुलाने बोट ठेवलं: "काकू, ही बाजू वाकडी आहे." अगदी बरोबर! पिझ्झाचीही असते. त्या दिवसापासून बाजू सरळ आहे का हेही बोट फिरवून तपासतो. दिवाळीत शंकरपाळ्यांची पोळी लाटून कातण्याने आधी उभं-आडवं कापलं, मग तिरकं. तिरक्या तुकड्यांना चार बाजू असूनही ते चौरस का नाहीत, यावर तळणीपर्यंत वाद चालला होता.

बालवाडीच्या कोर्समध्ये आम्ही माँटेसरींच्या धातूच्या साच्यांवर काम केलं होतं. दहा आकार, गुलाबी चौकट, आत निळा तुकडा. मूल कड गिरवतं आणि आतला भाग रंगीत पेन्सिलीच्या रेघांनी भरतं. तो संच महाग. मी मिठाईच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून पाच आकार कापले आणि त्यांतला त्रिकोण मुद्दाम वेडावाकडा ठेवला. पुठ्ठा हवा तसा फिरतो, त्यामुळे प्रत्येकाच्या कागदावर त्रिकोण वेगळ्या दिशेला टोक करून उमटतो.

पुस्तक घ्यावं का? साडेतीन ते साडेचार वयाला घ्या, हाताच्या सरावासाठी. पाच वर्षांच्या मुलाला ते महिनाभरच पुरतं. त्याला कोरा कागद आणि पुठ्ठ्याचे साचे द्या. बदाम आणि चांदणीची पानं मी मुलांसमोर अजून उघडलेली नाहीत.

फेब्रुवारीत दोन नवी मुलं येणार आहेत, त्यांच्यासाठी कालच आणखी दोन प्रती आणल्या. चौरसाच्या पानावरचा 'चौकोन' काळ्या मार्करने खोडला, डायमंडचं पान कापून बाजूला ठेवलं. ते त्यांना चौरस चांगला ओळखता आला की देईन, कात्रीसोबत.