क्षितिज खालच्या तिसऱ्या भागात की मधोमध?

अंबाझरी तलावाच्या बांधावर संध्याकाळी मोबाइल घेऊन उभ्या असलेल्या कुणालाही विचारा, क्षितिज मध्ये घ्यायचं नाही हे त्याला पाठ असतं. ग्रिडच्या रेषांनी फोटोचे आडवे-उभे तीन समान भाग करायचे आणि क्षितिज त्यातल्या एका आडव्या रेषेवर ठेवायचं, हा तो ‘रूल ऑफ थर्ड्स’. हे नाव १७९७ सालचं, जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराचं. पावसाळ्यात हा नियम चालतोच: ढग दाटून आले की क्षितिज ग्रिडच्या खालच्या रेषेवर, दोन भाग आकाशाला. मे महिन्यात आपल्या नागपूरचं आभाळ पांढरंफटक. तेव्हा वरची रेष.

पण वारा पडला आणि पलीकडची झाडं पाण्यात उलटी दिसू लागली, की क्षितिज खुशाल मधोमध घ्या. तलावाच्या फोटोत मला तरी हेच आवडतं. पाण्यातलं आकाश खऱ्यापेक्षा जरा गडद येतं, त्यामुळे दोन्ही अर्धे हुबेहूब होत नाहीत आणि फोटो निर्जीव वाटत नाही. पोलरायझर (लेन्सवर लावायचा, चकाकी कापणारा फिल्टर) लावलाच असेल तर काढा, नाहीतर फिरवता फिरवता प्रतिबिंबच पुसून टाकेल. आणि मध्य म्हणजे मध्यच. थोडं वरखाली झालं की हात हलल्यासारखं दिसतं.

लाटा असतील तर हा खटाटोप नको, सरळ ग्रिड पाळा.